सातव्या कापसावरची सुपारी

१

सोमवारी सकाळी साडेदहाला प्रयोगशाळेतलं कपाट उघडलं आणि ट्रेवरचा रुमाल काढला, तेव्हा सात दगडांऐवजी सहाच होते. सातव्या दगडासाठी केलेल्या कापसाच्या गादीवर एक सुपारी ठेवलेली होती. शेजारी तांदळाचे चार दाणे आणि चिमूटभर हळद.

"भानामती," आमचे गणिताचे तातेराव सर म्हणाले आणि दोन पावलं मागं सरले.

"चोरी," मुख्याध्यापक रामकिसन सर म्हणाले आणि त्यांनी प्रयोगशाळेचा परिचर बुद्धभूषण याच्याकडं पाहिलं.

 मी हरिओम, भोकरदनच्या या शाळेत बावीस वर्षं भूगोल शिकवतो. एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो: या प्रकरणात पहिली चूक माझीच होती, आणि ती मला सगळ्यात शेवटी कळली.

झालं होतं असं. आमचा माजी विद्यार्थी सोमेश्वर प्रशांत महासागरातल्या एका ज्वालामुखीच्या बेटावर तांब्याच्या खाणीत काम करतो. त्यानं शाळेला दगडांची पेटी पाठवली. वाटेत पाणी लागून चिठ्ठ्या पुसल्या होत्या. विज्ञानाच्या ज्योत्स्ना मॅडम तेव्हा प्रशिक्षणासाठी संभाजीनगरला गेलेल्या. रामकिसन सर म्हणाले, "भूगोल म्हणजे दगडच की. तुम्ही लिहा नावं." आता जालना जिल्ह्यात जन्म काढलेल्या माणसाला दगड एकच ठाऊक, काळा. तरी मी पितळी रंगाच्या दगडावर लिहिलं 'तांबे', हिरव्यावर लिहिलं 'तांबे', मोरपंखी झाक असलेल्यावरही दडपून 'तांबे'च लिहिलं. सातवा मात्र वेगळा होता. मुठीएवढा, करडा, आणि फोडलेल्या बाजूनं आरशासारखा चकाकणारा. त्याच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'चांदीचा दगड'. तेव्हा फार शाबासकी मिळाली.

"शनिवारी पाचला कपाट बंद झालं. काल रविवार," रामकिसन सर म्हणाले. "कुलूप शाबूत. किल्ल्या दोनच. एक माझ्या खिशात, एक या बुद्ध्याकडं. बुधवारी सोमेश्वर स्वतः येतोय प्रदर्शनाच्या उद्घाटनाला. त्याला मी काय तोंड दाखवू?"

सर आमच्या शाळेत सगळ्यांना अहो-जाहो करतात. चौतीस वर्षांच्या बुद्धभूषणला मात्र 'बुद्ध्या'.

"उद्या दुपारी माझ्या नातीचं बारसं आहे," सर त्याला म्हणाले. "ते आटोपेपर्यंत तुला मुदत. दगड आला नाही, तर संध्याकाळी पाचला ठाण्यात अर्ज."

बुद्धभूषण नऊ वर्षं हंगामी होता. त्याला कायम करायचा प्रस्ताव याच महिन्यात वर जायचा होता. पोलिसात नाव गेलं, की तो प्रस्ताव केराच्या टोपलीत. हे त्यालाही कळत होतं आणि आम्हालाही.

तो एवढंच म्हणाला, "सर, मी घेतला न्हाई."

आणि दारातून आवाज आला, "मंग सुपारी कोणी ठिवली?"

ज्योत्स्ना मॅडम परत आल्या होत्या.

२

ज्योत्स्ना मॅडम म्हणजे बारीक अंगाची, चष्म्यातून रोखून बघणारी बाई. प्रश्न विचारायची त्यांना खोडच आहे. स्टाफरूममध्ये लगेच कुजबुज सुरू झाली, की बाई आपल्या माणसाची बाजू घेणार. दोघंही एकाच समाजाचे, एकाच गल्लीतले. मॅडमनी ते ऐकलं.

"घेतला आसंल तं मीच ठाण्यात नेऊन सोडीन," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "पण चोर सोडून संन्याशाला फाशी नको. हरिओम सर, तुम्ही चला माझ्यासोबत. म्हणजे कोणी म्हणायला नको."

अशी माझी वर्णी लागली.

बुद्धभूषण प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसला होता. मॅडम त्याच्यासमोर टेबलाला टेकल्या.

"शनिवारी काय काय झालं, ते सांग."

"संक्रांतीचं हळदीकुंकू होतं ना मॅडम शाळेत. साठ-सत्तर बाया आल्त्या. सर म्हणले, त्याह्यला दगड दाखव. म्हणून दुपारी तीनला कपाट उघडलं. बाया बघून राहिल्या होत्या, साडेचारला सरानं हाक मारली, पाण्याचे जार संपले म्हणून. मी जार आणाया गेल्तो."

"किती वेळ?"

"वीस मिनटं आसतील. आलो तं बाया वाण घेऊन निघाल्या होत्या. ट्रेवर रुमाल टाकलेला होता. मी कुलूप लावलं."

"रुमाल तू टाकलास?"

तो थांबला. "न्हाई. टाकलेलाच होता."

"उचलून पाह्यलं?"

"न्हाई पाह्यलं, मॅडम." त्याचा आवाज बसला. "तेवढंच चुकलं माझं."

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "म्हणजे रविवार नाही, शनिवार. किल्लीचा प्रश्नच मिटला. दगड उघड्या कपाटातून गेला."

"पण असं तो सांगतोय," मी म्हणालो. "खोटं बोलत असेल तर?"

"तर त्यानं रुमाल मीच टाकला म्हणून सांगितलं असतं. आणि चोर सुपारी कशाला ठेवील? सर, चांदी चोरणारा माणूस मागं तांदूळ-हळद ठेवून जातो का?"

 चांदी म्हटल्यावर मला एक माणूस आठवला.

३

तातेराव सरांच्या चार बोटांत चार अंगठ्या आहेत. गणित शिकवून उरलेल्या वेळात ते लोकांना राशीचे खडे सुचवतात. पुष्कराज, गोमेद, काय वाटेल ते. पेटी आली त्या दिवसापासून त्या चांदीच्या दगडाभोवती ते घुटमळत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मॅडमनी सरळ विचारलं, "सर, तो दगड तुम्ही हातात घेतला होता ना?"

तातेराव सरांचा चेहरा पडला. त्यांनी खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून कागदाची पुडी काढली, आणि पुडी टेबलावर ठेवली. मी पुढं वाकलो.

"एवढाच घेतला," ते म्हणाले. "आईशपथ. पंधरा दिवसांमागं. मुठीएवढा दगड, पण उचलाया गेलो तं दीड किलोचा वाटला. नखानं कोपरा दाबला, तं हा कण पडला. मी सराफाला दाखवला. तो हसला. म्हणे, ही चांदी न्हाई, तातेराव, घेऊन जा."

मॅडमनी पुडी उघडली. हरभऱ्याच्या डाळीएवढा कण होता. त्यांनी त्याच्यावर पेपरवेट हलकेच ठोकला. कणाचे तीन तुकडे झाले आणि तिन्ही चौकोनी. साखरेच्या खड्यांसारखे, प्रत्येक बाजू सपाट आणि चकचकीत. त्यातला एक त्यांनी पुन्हा फोडला. पुन्हा चौकोनीच.

"बघा सर," त्या मला म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "कितीही फोडा, चौकोनच पडतो. असा दगड मी पुस्तकात पाहिलाय, हातात पहिल्यांदाच आला."

"मंग मी सुटलो का?" तातेराव सरांनी विचारलं.

"चांदी नाही हे तुम्हाला शनिवारच्या आधीच ठाऊक होतं. मग कशाला चोराल?" त्या म्हणाल्या. "पण पुडी माझ्याकडं राहू द्या."

माझा एकुलता एक संशयित असा हातचा गेला. आणि एक गोष्ट आता मलाही टोचू लागली. ती चांदी नसेल, तर माझी चिठ्ठी खोटी होती.

४

दुपारच्या सुट्टीत रामकिसन सरांनी आम्हाला ऑफिसात जेवायला बसवलं. माणूस वाईट नाही. फक्त एकदा मत झालं, की ते दगडावर कोरल्यासारखं.

"तुम्ही उगाच दगदग करताय, मॅडम," सर डबा सोडता सोडता म्हणाले. "किल्ली दोघांकडंच. मी काही माझाच दगड चोरणार नाही."

त्यांची भाकरी पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली होती. फडक्यावर बोटाचा करडा ठसा उमटलेला होता. मॅडम त्याच्याकडं बघत राहिल्या.

"तव्याची काजळी," सर संकोचून म्हणाले. "घरात बारशाची गडबड. भाकरी आईच करते, आणि ती तर परवा हळदीकुंकवाहून आल्यापासून खल घेऊन बसलीय, ठकठक ठकठक. डोकं उठलं. काय कुटतेय विचारलं, तर म्हणते, बाळंतिणीच्या घरात पुरुषानं चौकशा करू नाही."

"खारीक असेल, डिंकाच्या लाडवांची," मी म्हणालो. मला लाडू आवडतात.

"सर, सोमेश्वरचं पत्रबित्र आलं होतं का पेटीसोबत?" मॅडमनी विचारलं.

"आलं होतं की. चार पानी." सरांनी ड्रॉवर उघडला. पाकीट फोडलेलंच नव्हतं. "सत्कारात वाचून दाखवायचं म्हणून ठेवलं."

मॅडमनी पत्र घेतलं आणि उठताना त्यांच्या हाताचा धक्का लागून पाण्याचा पेला सांडला. त्यांनी तेच फडकं ओढून टेबल पुसलं. "धुऊन देते," म्हणाल्या, आणि घेऊन गेल्या. एवढी नीटनेटकी बाई असा पेला सांडते, याचं मला नवल वाटलं.

पत्र आम्ही व्हरांड्यात वाचलं. पोरानं फार जीव लावून लिहिलं होतं:

'ज्वालामुखीच्या पोटातलं उकळतं पाणी खडकाच्या भेगांतून वर येतं आणि येताना धातू आणतं. तांबं मधेच, उष्णतेजवळ राहतं. शिसं दूर जातं, पाणी निवतं तिथं, अगदी कडेला बसतं. खाणीत शिशाचा दगड दिसला, की आम्ही समजतो तांब्याची हद्द संपत आली. आपल्या भोकरदनची जमीनही लाव्ह्याचीच, पण आपल्या काळ्या दगडात मला शिसं कधी दिसलं नाही. म्हणून मुद्दाम पाठवतोय. सातवा नमुना. हाताळल्यावर मुलांना हात धुवायला सांगा.'

"शिसं," मी म्हणालो.  "मी चांदी लिहिलं."

"कळकट शिशासाठी कोण कशाला चोरी करील?" मॅडम स्वतःशीच म्हणाल्या. "चांदी म्हणून नेला नाही, शिसं म्हणून नेला नाही. मग चोराला तो दगड काय वाटला?"

झाडलोट करणाऱ्या सोनूबाई तिथंच केरसुणी घेऊन उभ्या होत्या. नाव सोनूबाई असलं तरी हाती कथलाचा वाळासुद्धा नाही, पण गावातल्या जुन्या चालीरीती त्यांना पाठ.

"सोनूबाई," मॅडमनी विचारलं, "एखादी वस्तू घेताना सुपारी, तांदूळ, हळद कधी ठेवतात?"

"औषधाला," त्या चटकन म्हणाल्या. "मुळी उपटाच्या आधी झाडाला सुपारी ठिवतेत. लेकराच्या औषधाला नेऊन राह्यले, गुण येऊ दे, असं इचारून घेतेत. न इचारता नेलं, तं औषध लागू पडत न्हाई."

मॅडमनी पिशवीतून डब्याचं फडकं काढलं, तो करडा ठसा पुन्हा पाहिला आणि घडी घालून ठेवून दिलं. 

५

मंगळवारी निम्मी शाळा बारशाला गेली होती. बुद्धभूषणला सरांनी सकाळीच घरी बोलावून घेतलं होतं, खुर्च्या लावायला. ज्याच्यावर संध्याकाळी पोलीस घालायचे, त्याच्याकडून सकाळी खुर्च्या लावून घ्यायच्या. मला राग आला, पण मी काही बोललो नाही. हेही कबूल करतो.

पावणेबाराला मॅडमनी मला प्रयोगशाळेत ओढत नेलं. टेबलावर एक फरशी पालथी ठेवलेली होती. तिच्या खरखरीत पाठीवर त्यांनी पुडीतला तुकडा घासला. करडी, चमचमती रेघ उमटली. शेजारी त्यांनी सरांच्या डब्याचं फडकं पसरलं आणि माझ्या हातात भिंग दिलं.

"काजळी काळी असते, सर. ती चमकत नाही."

बोटाचा ठसा चमकत होता. बारीक, करड्या ठिपक्यांनी. अगदी त्या रेघेसारखा.

"आपण आत्तापर्यंत मधेच उकरत बसलो," मॅडम म्हणाल्या. "कपाट, किल्ली, बुद्धभूषण. शिसं असतं कडेला. शनिवारच्या हळदीकुंकवात कडेला कोण होतं? भाकरी थापणारा हात, शनिवारपासून चालणारा खल, आणि औषध म्हणून विचारून नेलेला दगड. फोडला की चौकोनी पडणारा, कुटला की चमकणारी करडी पूड होणारा. तुमच्या लहानपणी हैदराबादकडचे फेरीवाले काय विकायचे, पुडीत, डोळ्यासाठी?"

माझ्या डोळ्यांपुढं आजीची पितळी सलाई आली. "सुरमा!"

"सुरमा. आणि आज त्या घरात बारा दिवसांच्या लेकराचं बारसं आहे."

मी सरांना फोन लावला. वाजत राहिला. त्यांच्या लेकीला, प्रियाला लावला. तिकडं लाउडस्पीकरवर पाळणा लागलेला असणार, कोण ऐकतो? मॅडमनी बुद्धभूषणला लावला. त्यानं पहिल्या रिंगला उचलला.

"बुद्धभूषण, ऐक. सराच्या आईजवळ सुरम्याची डबी आसंल. बाळाच्या डोळ्यात घालाच्या आधी ती उचल. इचारू नको, सांगत बसू नको, कोणी ऐकणार न्हाई. उचल आणि बाहेर ये. आम्ही जल्दी येऊन राह्यलो."

 तो म्हणाला, "मॅडम, माझ्यावर आधीच चोरीचा आळ हाय."

"म्हाईत हाय मला."

फोन बंद झाला.

६

मोटरसायकल मी आयुष्यात इतकी पळवली नव्हती. मांडवात शिरलो तेव्हा पाळणा थांबलेला होता. साठ बायका उभ्या, आणि मधोमध रामकिसन सरांनी बुद्धभूषणचं मनगट पकडलेलं. त्याच्या मुठीत पितळेची डबी.

"सापडला!" सर ओरडत होते. "भर बारशात, माझ्या आईच्या हातातून! आता तरी पटलं का, मॅडम?"

बुद्धभूषण आमच्याकडं पाहत होता. त्यानं डबी सोडली नव्हती.

"बाळाच्या डोळ्यात गेलं का?" मॅडमनी त्याला विचारलं.

"न्हाई. सलाई बुडीवली होती. लावली न्हवती."

मॅडम खालीच बसल्या, पाळण्याशेजारी. तिथं सरांच्या आई गोजरबाई बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, ताठ कण्याच्या. बोटांची टोकं करडी. त्यांच्यापुढं परातीत कागदाच्या पन्नासेक पुड्या बांधून ठेवलेल्या, बायकांना वाटायला.

"आजी, सुरमा चांगला कुटलाय," मॅडम म्हणाल्या. "दगड कुठून आणला?"

"लेकाच्या शाळंतून," गोजरबाई निःशंकपणे म्हणाल्या. "हळदीकुंकवाला गेल्ते, तं कपाटात दिसला. पन्नास वर्षांनी असली सुरमा पाह्यला. कोपऱ्याला बराबर चौकोन पडलेले. बाजारात समदा खोटा मिळतो. सुपारी ठिवली, इचारलं, दगड डब्याच्या पिशवीत घातला, बाकीच्याह्यवर रुमाल झाकला. लेकाच्या शाळंतला दगड, त्यात चोरी कसली? याला सांगितलं न्हाई, कारण हा मला अडाणी म्हणतो."

 सरांच्या हातातून बुद्धभूषणचं मनगट सुटलं.

"पण आई," सर कसेबसे म्हणाले, "मी काल घरात सांगितलं ना, शाळेतला दगड चोरीला गेला, बुद्ध्यानं नेला!"

"तू म्हणला चांदीचा दगड गेला. मी चांदी कुठं घेतली? मला वाटलं, दुसरा कोणता आसंल."

मी मान खाली घातली. त्या बाईला अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून तिला दगड बरोबर ओळखता आला. माझी चिठ्ठी वाचणारे आम्ही सगळे शहाणे चांदी शोधत होतो. सरांचं म्हणाल तर काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण त्या कळशावर नाव मी लिहिलं होतं, आणि त्यापायी एक माणूस ठाण्यात चालला होता.

"आजी, तुमची पारख बराबर हाय," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "हा सुरमाच. पण असली सुरमा म्हणजे शिसं. लेकराच्या डोळ्यातून हाताला, हातातून तोंडात. अंगात गेलं की साठत राहतं. लेकराचं डोकं नीट वाढू देत न्हाई. एक दिवस लावून भागलं नसतं, तुम्ही रोज लावला असता."

"माह्या सासूनं माह्या समद्या लेकरांला लावला."

"सासूबाईंना ठाऊक न्हवतं. तुम्हाला आता ठाऊक झालं."

गोजरबाईंनी आपल्या करड्या बोटांकडं पाहिलं.  मग त्यांनी ती परात बुद्धभूषणकडं सरकवली.

"ने बापा समदं," त्या म्हणाल्या. "मोजून ने. एक बी पुडी राहू देऊ नको." आणि लेकाकडं वळून म्हणाल्या, "याला पोलिसात देणार होता का तू? हात धरून तं ठिवला होता. ह्याच हातानं माही पणती राखली."

 प्रियानं बाळ उचलून घट्ट छातीशी धरलं आणि ती रडायला लागली. मला पण भरून आलं.

आम्ही सगळ्यांनी साबणानं हात धुतले. सरांनी आईचे हात स्वतः धुतले, नखांमधली पूडसुद्धा काढली. खल, डबी, सलाई, पुड्या, सगळं एका बंद डब्यात गेलं. मॅडमनी ताकीद दिली, की घर ओल्या फडक्यानं पुसायचं, आणि जे लोक शनिवारपासून आजींच्या हातची भाकरी खातात त्यांनी रक्त तपासून घ्यायचं. लाडू मी खाल्ले नाहीत. खारीक कोणी कुटलीच नव्हती.

बुधवारी सोमेश्वर आला. सातव्या कापसावर दगड नव्हता, तातेराव सरांच्या पुडीतले चौकोनी तुकडे काचेखाली ठेवले होते. मॅडमच्या सांगण्यावरून सुपारीही तशीच शेजारी ठेवली होती. मी सगळ्या चिठ्ठ्या नव्यानं लिहिल्या होत्या. सातवीवर: 'शिशाचा दगड. यालाच सुरमा म्हणतात. ओळखला: गोजरबाई यांनी. डोळ्यात घालू नये.' सोमेश्वरनं ती दोनदा वाचली आणि मोबाईलमध्ये फोटो काढला.

पाहुणे गेल्यावर बुद्धभूषणनं कपाटाला कुलूप लावलं. या वेळी रुमाल उचलून, सातही कापूस पाहून. मग त्यानं किल्ली रामकिसन सरांपुढं धरली. कुलूप लावलं की किल्ली आपल्याकडं द्यायची, असा सोमवारपासून सरांचाच हुकूम होता.

सरांनी किल्ली घेतली नाही.  बावीस वर्षांत मी त्यांना शब्दासाठी अडलेलं पाहिलं नव्हतं.

"तुमच्याकडंच राहू द्या, बुद्धभूषणराव," ते म्हणाले. "आणि तो प्रस्ताव मी सकाळीच वर पाठवलाय. तुम्ही एकदा नाव तपासून घ्या, बरोबर लिहिलंय का."